आईचं पूर्ण नाव लिहा

पासपोर्टच्या अर्जात अवघड असं काहीच नसतं, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांच्या आयांना जन्मभर एकच नाव होतं.

माझं तसं नाही. साठी उलटली तरी पासपोर्टवाचून माझं काही अडलं नव्हतं. पुणे ते सातारा प्रवासाला व्हिसा लागत नाही आणि त्यापलीकडची महत्त्वाकांक्षा मी कधी बाळगली नाही. पण लेक अमेरिकेत, तिचं पहिलंच बाळंतपण. अशा वेळी मराठी आईवडिलांनी डिंकाचे लाडू आणि बाळाची टोपडी घेऊन विमानात बसायचं, हा आता सोळा संस्कारांनंतरचा सतरावा संस्कार झाला आहे. बायकोचा पासपोर्ट तयार होता. तिचे वडील हेडमास्तर. लेकीच्या जन्माची वेळ, वजन, सुईणीचं नाव आणि सुईणीला दिलेलं लुगडं इथपर्यंत सगळं त्यांनी डायरीत लिहून ठेवलेलं. आमच्या घराण्याबद्दल लेखी असं काही असलंच, तर ते गावातल्या वाण्याच्या उधारीच्या वहीत.

"अर्ज ऑनलाइन आहे बाबा, दहा मिनिटांचं काम," जावई फोनवर म्हणाला. जावयाला उलट बोलायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून मी बरं म्हणालो.

पहिलं पान गोड होतं. छत्तीस पानी पासपोर्टला पंधराशे रुपये, पण साठीपुढच्यांना दहा टक्के सूट. म्हातारं झाल्याबद्दल कुणीतरी दीडशे रुपये परत करतंय, हा अनुभव नवा होता. मग प्रश्न आला, 'आपण अन्य कोणत्या नावाने ओळखले जाता का?' शाळेत मुलं मला जे म्हणायची आणि ऑफिसात माझ्या पाठीमागे जे म्हटलं जायचं, ते आठवून मी थांबलो. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "खरं लिहा हं. खोटी माहिती दिली तर कायद्याने शिक्षा आहे." शिक्षा खरोखरच आहे, १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात तसं कलम आहे. तरीही मी 'नाही' लिहिलं. ओळखले जाणं आणि चिडवले जाणं यांत कायदा फरक करत असावा.

आणि मग आला कुटुंबाचा तपशील. वडिलांचं नाव. आईचं नाव.

आमच्या घरात नावं वापरायची पद्धतच नव्हती. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो, कारण त्यांचे धाकटे भाऊ नाना म्हणायचे. आईला वहिनी म्हणायचो, कारण तेच भाऊ तिला वहिनी म्हणायचे आणि आम्हाला वेगळं काही शिकवण्याची तसदी कुणी घेतली नाही. आईने नानांचं नाव उच्चारलं तर नानांचं आयुष्य घटणार होतं, म्हणून ती 'अहो' म्हणे. नाना आईला 'ऐकलं का' म्हणत. कुणी परका महिनाभर आमच्याकडे राहिला असता, तर या घरात नाना, वहिनी, अहो आणि ऐकलं का अशी चार मोठी माणसं राहतात, असंच त्याने जनगणनेला सांगितलं असतं.

नानांना जाऊन बरीच वर्षं झाली, आईलाही. विचारायला आता कुणी नाही, तेव्हा मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली.

ट्रंकेत कागद होते. इथेच घोटाळा झाला. कागद नसते, तर मी निदान एका नावावर ठाम राहिलो असतो.

आईचं माहेरचं नाव द्वारका. लग्नात नानांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं, लक्ष्मी. म्हणजे लक्ष्मी या नावाचा अस्सल, हस्तलिखित, साक्षीदारांसमक्ष झालेला एकमेव पुरावा घरच्यांनी दुसऱ्या दिवशी भात करून खाल्ला. मतदार यादीत ती 'लक्षुंबाई' आहे. सातबाऱ्यावर वारसनोंद करताना तलाठ्याने धाकट्या काकांना विचारलं, "यांचं नाव?" काका सवयीने म्हणाले, "वहिनी." तलाठी रीतीभातीचा माणूस. त्याने पुढे आदरार्थी 'बाई' जोडलं. त्यामुळे नदीकाठच्या अकरा गुंठ्यांत आजही कुणा वहिनीबाईंचा हिस्सा आहे. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र ती पुन्हा द्वारका आहे, कारण दवाखान्यात फॉर्म भरताना मामा पुढे होता आणि बहिणीचं नाव बदललेलं त्याने कधी मान्यच केलं नव्हतं.

नानांचं प्रकरण त्या मानाने सोपं. शाळेच्या दाखल्यावर विठ्ठल, सातबाऱ्यावर विठोबा, साखर कारखान्याच्या शेअर दाखल्यावर विठ्ठलराव. कारखान्याच्या निवडणुकीच्या वर्षी सगळेच सभासद राव होतात. इंग्रजीत गेल्यावर मात्र नाना फुटले. माझ्या आधार कार्डावर त्यांच्या नावात एक टी आहे, पॅन कार्डावर दोन, आणि बँकेच्या पासबुकात दोन टी आणि दोन एल. एकेका खात्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे त्यांना अक्षरं दिली होती.

"अहो, साधं आहे. घरात जुनं माणूस कोण उरलंय, त्यांना विचारा," बायको म्हणाली.

हा सल्ला देणाऱ्याने आमची आत्या पाहिलेली असूनही दिला, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. पुण्यात पत्ता विचारून पाहा. 'मला ठाऊक नाही' असं कुणी म्हणत नाही. माणूस आधी तुम्हाला आपादमस्तक न्याहाळतो, मग ठामपणे भलत्याच बोळात धाडतो. आमचं अख्खं गोत या बाबतीत पुण्याबाहेर राहूनही पुणेकर आहे.

आत्याला फोन लावला. "आत्या, आईचं कागदावरचं नाव काय होतं गं?"

"कागद कशाला पाहिजे? मी सांगते की. रुक्मिणी."

हे नाव आजवर कुठल्याही कागदावर नव्हतं. "रुक्मिणी? अगं, ते कुठून आलं?"

"नानाचं नाव विठ्ठल. मग बायकोचं काय असणार? रुक्मिणीच की. डोकं चालव जरा."

मामाचं म्हणणं, द्वारकाच. "लग्न लावून दिलं, नाव नाही दिलं," असं तो गरजला. चुलत बहीण म्हणाली की वहिनी हळदीकुंकवाला उखाणा घ्यायची, त्यात नानांचं नाव 'विठ्ठलपंत' यायचं, हे तिला पक्कं आठवतं. मी म्हटलं, पंत आपल्यात कधीपासून आले? ती म्हणाली, "यमक जुळवायला आले असतील. पण आले होते." सरकारी कामात उखाणा पुरावा म्हणून चालतो का, याची मी नियमावलीत खात्री करून घेतली. चालत नाही.

माझी स्वतःची जन्मतारीख तरी वादातीत असावी, अशी अपेक्षा होती. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ती अंकी आणि अक्षरी, दोन्ही प्रकारे १ जून अशी आहे. माझ्या वर्गातल्या बहुतेकांचीही तीच आहे. त्या काळी सहा वर्षं पुरी झाल्याचा पुरावा म्हणजे उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरून दाखवणं. कान हाताला लागला की गुरुजी नाव घालत. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून तारीख १ जून. आमच्या गावातल्या एका पिढीची प्रसूती गुरुजींनी अशी एका बैठकीत, टाक न उचलता उरकली. महाराष्ट्रातले ज्येष्ठ नागरिक दरवर्षी १ जूनला एकमेकांना शुभेच्छा देऊन दमतात, ते यामुळे. कुणा परदेशी संशोधकाच्या हाती हे आकडे पडले, तर आदल्या सप्टेंबरात या राज्यात नेमकं काय घडत असे, यावर तो प्रबंध लिहील.

"पण मी खरा जन्मलो कधी?" मी आत्याला विचारलं.

"वैशाखात. मंगळवार होता. धारा काढायची वेळ. आणि त्याच दिवशी म्हैस व्याली."

"साल?"

"साल कशाला लागतंय? म्हशीला विचारतंय का कुणी साल?"

मी कोयनेच्या भूकंपाची खूण दिली. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आमच्या भागात कुणी विसरत नाही. आत्या म्हणाली, "तेव्हा तू एवढासा होतास, तुला कडेवर घेऊन मी अंगणात पळाले." मामाला विचारलं तर तो म्हणाला, "कसली कडेवर? हा गडी सगळ्यांच्या आधी पळून बाहेर उभा होता. आतल्यांना हाकासुद्धा मारल्या नाहीत." मी आत्याची साक्ष ग्राह्य धरली.

शेवटी सरकारदरबारी नोंद असेलच, या आशेने गाव गाठलं. जुन्या काळी गावातल्या जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना नंबर १४ मध्ये, म्हणजे लोकांच्या भाषेत कोतवाल बुकात होत असे. तिथल्या कारकुनाने मला वही दाखवली. नोंद सापडली. 'विठोबा यांस मुलगा.' माझं मन भरून आलं. मग ध्यानात आलं की आम्ही चार भाऊ. वहीत मागेपुढे आणखी तीन ठिकाणी 'विठोबा यांस मुलगा' होतं.

"यातला मी कोणता?" मी विचारलं.

कारकुनाने माझ्याकडे आणि वहीकडे आलटून पालटून पाहिलं. "तुम्हीच बघा," तो म्हणाला, "जो आवडेल तो."

आईच्या माहेरच्या गावी वही मोडी लिपीत होती. आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना मुहूर्त पाहून गाठावं लागतं. एका जाणकारांनी मोठ्या उपकाराने वेळ दिला. त्यांनी भिंग काढलं, पुसलं, चहा घेतला, पान उन्हाकडे धरलं, खाली ठेवलं, पुन्हा भिंग पुसलं. अर्धा तास आम्ही सगळे श्वास रोखून. शेवटी ते म्हणाले, "मुलगी."

"नाव काय आहे?"

"नाव नाही. अमक्यास मुलगी झाली, एवढंच."

म्हणजे ज्या वहीसाठी मामा आणि आत्या महिनाभर एकमेकांशी भांडले, त्या वहीने द्वारका, लक्ष्मी आणि रुक्मिणी या तिघींनाही सारखंच वागवलं होतं. आता आपल्या राज्याने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बाळाच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचं ठरवलं आहे. निर्णय उत्तम आहे. मीच जन्माला जरा घाई केली.

अशा खिन्न अवस्थेत माझा भाचा भेटला. तो स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो, त्यामुळे त्याला काहीही विचारलं तरी तो आधी महिना आणि साल सांगतो. "डिसेंबर २०१६," तो म्हणाला. "परराष्ट्र खात्याने नियम सैल केले. आई किंवा वडील, एकाचंच नाव दिलं तरी चालतं. जोडायची परिशिष्टं पंधरावरून नऊवर आली. शपथपत्र साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने. नोटरीची गरज नाही. तुमच्या वयाच्यांना जन्मतारखेला शाळेचा दाखला किंवा पॅनही चालतं. पूर्वी २६ जानेवारी १९८९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मदाखलाच लागायचा. मामा, तुम्ही तर त्याच्याही आधीचे."

मी त्याला मिठी मारली. सरकारने माझी व्यथा जाणली होती! एकच नाव पुरे! संध्याकाळी मी ही आनंदवार्ता कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि जेवायला बसलो. जेवण होईतो ग्रुपवर रण माजलं होतं.

"माझ्या भावाने काय घोडं मारलंय, त्याचं नाव गाळायला?" हा आत्याचा आवाजी निरोप. तो तिने नातवाकडून पाठवला होता आणि तो तिथे संपत नव्हता.

"नऊ महिने पोटात कोणी वागवला? विठ्ठलरावांनी?" मामा.

"दादा, जमिनीच्या वेळीपण तू असंच केलं होतंस," हा धाकटा भाऊ. जमिनीचा इथे काय संबंध, हे मला अजून कळलेलं नाही, पण आमच्याकडे कुठलीही चर्चा तिसऱ्या निरोपापर्यंत जमिनीवर येतेच.

चुलत बहिणीने फक्त हात जोडलेले दोन इमोजी पाठवले. ते कुणाच्या बाजूने आहेत, यावर वेगळा वाद झाला.

त्या नियमांत आणखी एक सवलत होती. साधू-संन्याशांना आईवडिलांच्या जागी गुरूचं नाव लावता येतं, फक्त गुरूचं नाव तसं एखाद्या सरकारी कागदावर असायला हवं. मला हा मार्ग सर्वांत शांततेचा वाटला. मी तसं बोलून दाखवलं.

"घ्या की संन्यास," बायको म्हणाली. "पण जाताना गॅसचा नंबर लावून जा."

याच सुमारास वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना सुगावा लागला. ते बँकेतून निवृत्त झालेत आणि आमच्या सोसायटीत त्यांना माहीत नाही असा विषय नाही. त्यांनी पासपोर्ट काढला त्याला तीस वर्षं झाली, पण अनुभव त्यांनी लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता. "साधा कागद?" ते हसले. "अहो, साध्या कागदावर कोण विश्वास ठेवतं? स्टँप पेपर घ्या. नोटरी करा. राजपत्रात नाव द्या. पोलीस पाटलाचा दाखला आणा. दोन प्रतिष्ठितांची पत्रं जोडा."

"पण नियमात लिहिलंय, लागत नाही."

"लागत नाही हो. पण असलेलं बरं."

या 'असलेलं बरं'पुढे भारत सरकारचं काही चालत नाही. ते परिशिष्टं पंधरावरून नऊवर आणतात, आपण घरच्या घरी पुन्हा पंचवीसवर नेतो. मी कोर्टाबाहेरच्या टपरीवर गेलो. तिथल्या टंकलेखकाने मजकूर वाचून दाखवला, 'द्वारका, लक्ष्मी, लक्षुंबाई व वहिनीबाई ही सर्व नावे एकाच व्यक्तीची असून...'

"रुक्मिणी घालायची का?" मी विचारलं. आत्या पुढेमागे दुखावली जायला नको.

"घाला की. पण दर नावामागे आहे साहेब. चौघी झाल्या, ही पाचवी."

मी पाचवीचेही पैसे भरले. माझ्या आईवर एवढा खर्च नानांनी सबंध आयुष्यात केला नसेल.

फाइल तयार झाली. तिला रंगीत खुणपट्ट्या होत्या, अनुक्रमणिका होती, प्रत्येक कागदाच्या तीन प्रती होत्या. वजन असं की रिक्षावाल्याने सामान किती म्हणून विचारलं. ठरल्या दिवशी मी केंद्रावर पोचलो. चष्मा पुसून, मन घट्ट करून, द्वारकेपासून रुक्मिणीपर्यंतचा सगळा इतिहास तोंडपाठ करून.

ए काउंटरवर लेकीच्या वयाची मुलगी होती. "काका, कागद?" मी फाइल दोन्ही हातांनी पुढे सरकवली. तिने आतून आधार, पॅन आणि शाळेचा दाखला असे तीन कागद काढले, स्कॅन केले आणि फाइल परत दिली.

"बाकीचे?" मी विचारलं.

"नको, काका."

"निदान शपथपत्र तरी बघा. नोटरी केलंय."

"ते लागत नाही, काका. इकडे बघा, फोटो."

फोटोही तिथेच काढतात. स्टुडिओत कोट चढवून काढलेल्या माझ्या आठ प्रती फाइलमध्ये राहिल्या. बोटांचे ठसे घेताना मशीन माझी बोटं ओळखेना. "भांडी घासता का, काका? रेषा गेल्यात," ती म्हणाली. मी गप्प राहिलो. ही माहिती अर्जात विचारलेली नव्हती.

बी काउंटरवरचे अधिकारी गंभीर होते. त्यांनी पडद्याकडे पाहत विचारलं, "आईचं नाव लक्ष्मी?"

ज्या क्षणाची मी तयारी केली होती, तो आला. मी फाइल उघडली. "त्याचं असं आहे साहेब, माहेरचं नाव द्वारका. लग्नात तांदळावर..."

"काका, लक्ष्मी ना? हो की नाही?"

"हो."

"पुढे जा."

मी जागचा हललो नाही. कोतवाल बुक, मोडीचं भिंग, पाच बायकांचं शपथपत्र, हे सगळं एका 'हो'मध्ये बसलं होतं, हे मनाला पटत नव्हतं. "साहेब, खात्री करून घ्या. पुढे काही प्रश्न नको," मी म्हणालो. त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. मागच्या माणसाला त्यांनी बोलावून घेतलं. सी काउंटरवर तर मला काही विचारलंच नाही. तिथल्या बाईंनी फाइलकडे पाहून, "उचलायला जड होत असेल ना," एवढीच सहानुभूती दाखवली.

काम झालं होतं आणि मला वाईट वाटत होतं. आपल्या माणसाला सरकारी कचेरीत अडवलं नाही, तर आपण नीट गेलोच नव्हतो अशी त्याची समजूत होते. "इतकं सोपं?" वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले. "मग काहीतरी राहिलं असणार. आता पोलिसांत अडेल बघा."

पोलिसांतही अडलं नाही, पण त्याचं श्रेय त्यांना देता येणार नाही. चौकशीला आलेल्या तरुण हवालदाराने शेजारी म्हणून नेमकं त्यांनाच विचारलं, "यांना किती वर्षं ओळखता?"

"तसं ओळखतो," ते म्हणाले. "म्हणजे यांच्या बाथरूमचं पाणी खालच्यांच्या छतातून झिरपतं. दोनदा मीटिंग झाली."

"यांच्यावर गुन्हा वगैरे?"

"गुन्हा असा नाही म्हणता येणार. पण गाडी लावतात ती आडवी."

हवालदाराने त्यातलं काहीच लिहून घेतलं नाही, याबद्दल मी पोलीस दलाचा कायमचा ऋणी आहे.

पासपोर्ट स्पीड पोस्टाने आला. शेवटच्या पानावर वडिलांचं नाव, आईचं नाव आणि पत्नीचं नाव एकाखाली एक छापलेलं. मी पहिल्या आणि शेवटच्या पानांचे फोटो ग्रुपवर टाकले. चार महिन्यांच्या मेहनतीनंतर कुणीतरी अभिनंदन करील, अशी अंधुक आशा होती. "नानाचं 'राव' कुठं गेलं?" आत्या. "लक्ष्मी म्हणजे कोण?" मामा. धाकट्या भावाने पानं मोठी करून पाहिली आणि कळवलं की पत्त्यात पिनकोड बरोबर आहे, पण माझ्या फोटोत मी भेदरलेला दिसतोय.

आता उरला व्हिसा. जावयाने अमेरिकेचा अर्ज उघडून दिला आणि तो ऑफिसला गेला. अर्ज लांबलचक. वीस मिनिटं काही केलं नाही, तर तो आपोआप बंद पडतो. मी वेगात होतो. वडिलांचं नाव लिहिलं, आईचं लिहिलं. पुढचा प्रश्न, वडिलांची जन्मतारीख. त्यापुढचा, आईची जन्मतारीख.

मी आत्याला फोन लावला.

"नाना आषाढातला," ती म्हणाली. "एकादशीचा. म्हणून तर विठ्ठल."

"साल, आत्या?"

"लढाई चालू होती."

"कोणती लढाई?"

"होती एक. लढाया काय कमी झाल्या? आणि तुझी आई संक्रांतीच्या अलीकडची, नाहीतर पलीकडची. तिळगूळ होता घरात. थांब, नीट आठवून सांगते..." मग तिने त्या सालचा पाऊस, त्या सालची जोंधळ्याची रास आणि त्या साली कुणाचं लग्न मोडलं ते सविस्तर सांगितलं. लग्न का मोडलं, इथपर्यंत आम्ही आलो तेव्हा पडद्यावरचा अर्ज बंद पडला होता.

पुन्हा उघडला. या वेळी जन्मतारखेच्या रकान्याशेजारची बारीक चौकट दिसली. तिच्यापुढे लिहिलं होतं, 'माहीत नाही'. मी चष्मा काढून, पुसून पुन्हा वाचलं. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान देशाने आपल्या अर्जात ही सोय करून ठेवली होती. ना शपथपत्र, ना साक्षीदार, ना म्हैस. नुसती टिचकी मारायची. मी दोन्ही ठिकाणी मारली. अर्ज बिनतक्रार पुढच्या पानावर गेला.

मागे उभी राहून बायको बघत होती. "अगंबाई," ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून तुम्ही हे उत्तर पहिल्यांदा दिलंत."

रात्री आत्याचाच फोन आला. "काय रं, काय सांगितलंस मग अमेरिकेला?"

"माहीत नाही म्हणून सांगितलं."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "असं कसं माहीत नाही? माझा नंबर द्यायचास की त्यांना."